हिमोग्लोबिन वाढलं, तरी पाय बधिर का? बी-१२ आणि नसांची शंभर वर्षांची गोष्ट

"डॉक्टर, पायाला मुंग्या येतात. तळवे जड झालेत. चप्पल पायातून निसटते, ते कळतही नाही."

जालना असो की अंबड, भोकरदन असो की परतूर, ही तक्रार कुठल्याही दवाखान्यात कानावर पडते. तपासणीत कधी मधुमेह निघतो, कधी दुसरं काही. पण बऱ्याच जणांच्या रिपोर्टवर एक ओळ ठळक अक्षरात असते : व्हिटॅमिन बी-१२ कमी. मग इंजेक्शनं सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर तुमचे प्रश्नही. "पाच इंजेक्शनं झाली, मुंग्या का जात नाहीत?" "हिमोग्लोबिन वाढलं, मग पाय अजून बधिर कसे?" "हे पूर्ण बरं होतं का, की आयुष्यभर असंच?"

या प्रश्नांची उत्तरं एका वाक्यात देता येतात, पण ती पटत नाहीत. पाच इंजेक्शनं झाली की माणूस येणं बंद करतो. म्हणून आज औषधाच्या आधी या आजाराचा इतिहास सांगायचा आहे. ही उत्तरं सापडायला वैद्यकशास्त्राला जवळपास शंभर वर्षं लागली. त्यातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या मुंबईत घडला आणि एक पुण्यात.

आधी एक खुलासा. आपण बोलताना रक्तवाहिनीलाही 'नस' म्हणतो आणि संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूलाही. या लेखात नस म्हणजे चेतातंतू, इंग्रजीत ज्याला नर्व्ह म्हणतात तो.

जेव्हा या आजाराला उपाय नव्हता

१८४९ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले डॉ. थॉमस अ‍ॅडिसन यांनी एका विचित्र पंडुरोगाचं वर्णन केलं. रुग्ण हळूहळू पांढराफटक पडत जाई, थकत जाई आणि शेवटी दगावे. रक्तस्राव नाही, गाठ नाही, कारण सापडत नसे. १८७२ मध्ये झुरिकच्या बिअरमर यांनी त्याला 'पर्निशस' म्हणजे घातक असं नाव दिलं. ते नाव आजही टिकून आहे.

हा आजार फक्त रक्ताचा नाही, हे १८८७ मध्ये लिश्टहाइम या जर्मन डॉक्टरांच्या ध्यानात आलं. अशा रुग्णांच्या पाठीच्या कण्यातला मज्जारज्जूही खराब झालेला होता. १९०० साली लंडनच्या रसेल, बॅटन आणि कॉलियर या तिघांनी त्याचं नीट वर्णन केलं. आधी पायांना मुंग्या, मग चालताना तोल जाणं, मग पाय ताठ होणं आणि शेवटी अंथरुणाला खिळणं. त्यांनी टिपलेली लक्षणं आजच्या रुग्णातही तशीच दिसतात. अंधारात चालताना पाय कुठे पडतो ते कळत नाही. तोंड धुताना डोळे मिटले की माणूस पुढे कलतो. जमीन कापसासारखी लागते. पायांच्या नसा मेंदूला 'पाय इथे आहे' हा निरोप देईनाशा होतात. उजेडात डोळे ती उणीव भरून काढतात, डोळे मिटले की काढत नाहीत.

त्या काळात डॉक्टर निदान करत आणि घरच्यांना तयार राहायला सांगत. यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं.

रोज पाव किलो कलेजी

अमेरिकेत जॉर्ज व्हिपल यांनी कुत्र्यांचं रक्त काढून त्यांना पंडुरोगी केलं आणि कोणत्या अन्नानं रक्त लवकर भरून येतं ते पाहिलं. कलेजी म्हणजे यकृत सगळ्यांत सरस ठरली. त्यावरून बोस्टनच्या जॉर्ज मिनो आणि विल्यम मर्फी यांनी घातक पंडुरोगाच्या ४५ रुग्णांना रोज पाव किलोपर्यंत कलेजी खाऊ घातली. १९२६ मध्ये त्यांनी निकाल जाहीर केले. मरणाच्या दारातली माणसं उठून बसली होती. १९३४ चं नोबेल पारितोषिक या तिघांना मिळालं.

गंमत अशी की व्हिपल यांच्या कुत्र्यांना झालेला पंडुरोग वेगळा होता. तो रक्त गेल्यामुळे झालेला होता आणि त्यांना मुख्यतः कलेजीतल्या लोहाचा फायदा झाला होता. माणसांना फायदा झाला तो कलेजीतल्या दुसऱ्याच एका पदार्थाचा, आणि तो काय आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

बोस्टनमध्येच विल्यम कॅसल या डॉक्टरांनी पुढचं कोडं सोडवलं. निरोगी माणूस थोडं मांस खाऊन बरा राहतो, मग या रुग्णालाच एवढी कलेजी का लागते? कॅसल यांनी स्वतः मांस खाल्लं, तासाभरानं ते पोटातून परत काढलं आणि रुग्णांना नळीवाटे दिलं. रुग्ण सुधारले! नुसतं मांस दिल्यावर मात्र सुधारत नव्हते. म्हणजे निरोगी जठरात असं काही तयार होतं, ज्याच्याशिवाय अन्नातला हा पदार्थ अंगी लागत नाही. आजही काही रुग्ण सांगतात, "मी मटण खातो, अंडी खातो, मग बी-१२ कमी कसं?" त्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. खाणं पुरेसं असूनही जठर किंवा आतडं ते शोषून घेत नसेल, तर कमतरता होतेच.

एक गोष्ट मात्र तेव्हाच दिसून आली होती. कलेजीनं रक्त झपाट्यानं सुधारे, पण पाय सावकाश सुधारत. अंथरुणाला खिळून वर्ष-दोन वर्षं झालेले काही जण पुन्हा नीट चाललेच नाहीत.

परळमधलं संशोधन

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. शहरातल्या गरीब, गरोदर बायकांना भयंकर पंडुरोग होत होता, अनेकींचा त्यात जीव जात होता. त्यात गिरणी कामगार बायकाही होत्या. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये विल्स यांचं काम चालू झालं. सूक्ष्मदर्शकाखाली या बायकांचं रक्त घातक पंडुरोगासारखंच दिसे, तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या. अनेकांना वाटत होतं की हा कुठला तरी जंतुसंसर्ग असावा. विल्स यांनी जंतूही शोधले आणि त्याबरोबर या बायका रोज काय खातात हेही नोंदवलं. आजाराचं मूळ ताटात आहे, हे हळूहळू उघड होत गेलं.

मग त्यांनी उंदरांना आणि माकडांना तसाच निकृष्ट आहार देऊन पाहिला आणि उपाय शोधला. तो निघाला अगदी स्वस्त : यीस्टचा अर्क, म्हणजे ब्रिटिश लोक पावाला लावून खातात ते मार्माइट. बायका बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये हे संशोधन ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. विल्स यांच्या कामातली सगळ्यांत मोलाची नोंद अशी की घातक पंडुरोगावर चालणारा शुद्ध केलेला यकृताचा अर्क मुंबईच्या या बायकांना लागू पडत नव्हता. म्हणजे दिसायला एकसारखे असणारे हे दोन आजार होते आणि दोन वेगळ्या पदार्थांच्या कमतरतेमुळे होत होते.

विल्स यांना सापडलेला पदार्थ म्हणजे आजचं फोलिक अ‍ॅसिड. १९४१ मध्ये अमेरिकेत तो पालकाच्या पानांतून वेगळा केला गेला, म्हणून लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून हे नाव पडलं. १९४५ मध्ये लेडर्ली कंपनीत तो प्रयोगशाळेत तयार झाला. त्या संशोधनाचं नेतृत्व आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बराव करत होते. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोहाबरोबर जी फोलिक अ‍ॅसिडची गोळी मिळते, तिची सुरुवात परळला झाली.

रक्त सुधारलं, नसा बिघडल्या

इथून पुढचा भाग लक्ष देऊन वाचा, कारण हीच चूक आजही होते.

१९४५ नंतर फोलिक अ‍ॅसिड मुबलक मिळू लागलं. घातक पंडुरोगाच्या रुग्णांना ते देऊन पाहिलं, तर रक्त सुधारलं. डॉक्टर आनंदले. रोजच्या कलेजीची कटकट संपली, आता एक गोळी पुरे असं वाटलं. पण दोन-तीन वर्षांतच उलट बातम्या येऊ लागल्या. हिमोग्लोबिन चांगलं असलेल्या रुग्णांना नव्यानं मुंग्या येऊ लागल्या. आधीपासून ज्यांचे पाय बधिर होते, त्यांना चालणं अवघड झालं. काहींचं तर फार झपाट्यानं बिघडलं.

याचं कारण नंतर कळलं. बी-१२ शरीरात दोन वेगवेगळी कामं करतं. पहिलं काम फोलेटच्या जोडीनं नव्या रक्तपेशी घडवण्याचं. दुसरं, नसांवरचं आवरण टिकवण्याचं. विजेच्या वायरवर जसं प्लॅस्टिक असतं, तसं नसेवर मायलिन नावाचं वेष्टन असतं. ते खराब झालं की निरोप नीट पोचत नाही. भरपूर फोलिक अ‍ॅसिड दिलं की पहिलं काम कसंबसं उरकतं, पण दुसरं काम बी-१२ शिवाय होत नाही. मोसंबीच्या बागेला टँकरनं पाणी घातलं म्हणून शेजारच्या कपाशीची तहान भागत नाही, तसंच हे. त्यातून बाग हिरवी दिसते म्हणून कपाशीकडे कुणी बघतच नाही!

म्हणून नुसत्या 'रक्तवाढीच्या' गोळ्या किंवा टॉनिक स्वतःच्या मनानं महिनोन् महिने घेऊ नका. अशा अनेक औषधांत फोलिक अ‍ॅसिड असतं. गरोदर बायकांनी मात्र ही गोळी अजिबात बंद करायची नाही. ती बाळासाठी आवश्यक आहे. हातापायाला मुंग्या असतील तर डॉक्टरांना सांगून सोबत बी-१२ तपासून घ्यावं.

लाल स्फटिक

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या मर्क कंपनीत आणि इंग्लंडमधल्या ग्लॅक्सो कंपनीत जवळपास एकाच वेळी यकृतातला तो मूळ पदार्थ शुद्ध स्वरूपात हाती आला. टनावारी यकृतातून काही मिलिग्रॅम लाल स्फटिक निघाले. त्याचं नाव बी-१२. काही मायक्रोग्रॅमच्या इंजेक्शननं रुग्ण सुधारू लागले, आणि या वेळी रक्ताबरोबर नसाही सुधारत होत्या. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या मदतीनं त्याची रचना उलगडली. त्यात कोबाल्ट हा धातू असतो, म्हणून इंजेक्शनचा रंग लाल. हॉजकिन यांना १९६४ मध्ये नोबेल मिळालं.

माळ घातलेले वारकरी आणि जैन कुटुंबांतले रुग्ण अनेकदा विचारतात, "हे इंजेक्शन मांसापासून बनतं का?" नाही. निसर्गात बी-१२ फक्त काही सूक्ष्म जीव बनवतात, वनस्पतीही नाही आणि प्राणीही नाही. आज औषधासाठी ते जिवाणूंच्या मदतीनं, आंबवण्याच्या प्रक्रियेतूनच तयार करतात. काही कॅप्सूलचं वरचं कवच जिलेटिनचं असतं. ते नको असेल तर गोळी किंवा इंजेक्शन मागून घ्या.

वेल्लोर आणि पुणे

युरोप-अमेरिकेत हा म्हाताऱ्या माणसांचा, जठराच्या बिघाडाचा आजार समजला जात होता. आपल्याकडचं चित्र वेगळं निघालं. १९६२ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या जाधव, वेब, वैष्णव आणि बेकर या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये काही तान्ह्या बाळांची माहिती छापली. बाळं मलूल झालेली, त्वचा काळवंडलेली, हातपाय थरथरणारे, आधी शिकलेलं हसणं-बसणं विसरलेली. ती फक्त आईच्या दुधावर होती आणि आयांच्याच अंगात बी-१२ नव्हतं. बी-१२ दिल्यावर बाळं सुधारली.

पुढचं मोठं काम पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाचं. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गरोदर माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात खेडं, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग अशा तीन ठिकाणचे मध्यमवयीन ४४१ पुरुष होते. त्यातल्या ६७ टक्क्यांत बी-१२ कमी निघालं, आणि सर्वांत जास्त प्रमाण शहरी मध्यमवर्गात होतं. फोलेटची कमतरता मात्र फार थोड्यांत होती.

याचा अर्थ नीट पाहा. आपल्या ताटात डाळ आहे, मेथी-पालक आहे, म्हणजे फोलेट आहे. बी-१२ मात्र ज्वारी-बाजरीच्या भाकरीत नाही, डाळीत नाही, पालेभाजीत नाही. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण आणि कलेजी यांत असतं. चहातल्या चार चमचे दुधानं भागत नाही. घरात म्हैस असूनही दूध डेअरीला जात असेल, तर तिचा उपयोग घरच्यांच्या नसांना होत नाही. आहारातलं फोलेट रक्त बऱ्यापैकी सांभाळतं आणि आजार पायांतून बोलू लागतो. हिमोग्लोबिन चांगलं असणं ही नसा चांगल्या असल्याची खूण नाही. १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी बी-१२ अभावी मेंदू आणि नसांचा त्रास झालेल्या १४१ रुग्णांचा अभ्यास छापला. त्यातल्या ४० जणांना पंडुरोग नव्हता, पेशीही मोठ्या झालेल्या नव्हत्या.

मग नसा बऱ्या होतात का?

होतात, पण त्यांच्या वेगानं. इंजेक्शन सुरू झाल्यावर आठवड्याभरात रक्तात नव्या पेशी दिसू लागतात आणि साधारण दोन महिन्यांत हिमोग्लोबिन जागेवर येतं. नसांचं वेळापत्रक वेगळं आहे.

फक्त वेष्टन खराब झालं असेल, तर ते काही आठवड्यांपासून काही महिन्यांत पुन्हा तयार होतं. आतली तारच तुटली असेल, तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं वाढते. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचं अंतर जवळपास एक मीटर, म्हणजे एक हजार मिलिमीटर. हिशेब तुम्हीच करा. नशिबानं बहुतेकांमध्ये बिघाड टोकाकडून सुरू होतो, त्यामुळे एवढा काळ लागत नाही. पण पायाची बोटं सगळ्यांत शेवटी सुधारतात. गुडघ्यापर्यंत असलेला बधिरपणा घोट्यापर्यंत उतरला, तर औषध काम करतंय असं समजा. मज्जारज्जूतल्या तुटलेल्या तारा मात्र पुन्हा फारशा वाढत नाहीत. तिथे उशीर महागात पडतो.

पहिल्या काही दिवसांत मुंग्या थोड्या वाढू शकतात. घाबरून औषध सोडू नका, डॉक्टरांना सांगा. बहुतेक सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत होते, तिची सुरुवात तीन महिन्यांच्या आत दिसायला हवी. त्यानंतरही वर्षभर किंवा अधिक काळ थोडी थोडी भर पडत राहते.

न्यूयॉर्कच्याच गटानं १९९१ मध्ये अशा १४३ रुग्णांचा आढावा घेतला. जवळपास निम्मे पूर्ण बरे झाले, बाकीच्यांपैकी बहुतेकांत चांगली सुधारणा झाली, मोठं अपंगत्व अगदी थोड्यांना राहिलं. ज्यांचा त्रास सौम्य आणि थोड्या दिवसांचा होता, त्यांचे निकाल सर्वांत चांगले होते. आणखी एक गोष्ट दिसली : ज्यांचा पंडुरोग कमी, त्यांच्यात नसांचा बिघाड अनेकदा जास्त होता. रक्त ठीक दिसल्यामुळे आजाराकडे दुर्लक्ष व्हायला वाव मिळतो, तो असा.

तुम्ही काय कराल?

- दोन्ही पायांना मुंग्या, बधिरपणा, अंधारात तोल जाणं, विसरभोळेपणा, जिभेची आग, बोटांच्या पेरांवर काळपटपणा यांपैकी काही असेल तर तपासणी करा. रक्त इंजेक्शनच्या आधी द्या. एकदा इंजेक्शन घेतलं की रिपोर्ट चांगला येतो आणि खरं चित्र झाकलं जातं.
- मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी रोजची गोळी अनेक वर्षं चालू असेल, तर बी-१२ चं शोषण कमी होतं. गोळी बंद करू नका, बी-१२ तपासून घ्या. मधुमेह्याच्या पायातल्या मुंग्या प्रत्येक वेळी साखरेच्याच नसतात.
- नसांचा त्रास असेल तर सुरुवातीचे डोस जवळजवळ आणि नंतरचे लांब अंतरानं असतात. वेळापत्रक डॉक्टर ठरवतील. पाच इंजेक्शनं हा कोर्सचा शेवट नव्हे. कारण आहारात असेल तर आहार बदला किंवा गोळी चालू ठेवा. कारण जठर-आतड्यात असेल तर बी-१२ बहुधा आयुष्यभर लागेल.
- मल्टिव्हिटॅमिनच्या दोन-तीन वेगवेगळ्या गोळ्या एकत्र घेऊ नका. बी-६ जास्त झालं तर त्यानंच नसा खराब होतात.
- बधिर चट्टा एकाच जागी असेल, त्वचेचा रंग फिकट असेल किंवा हात-पाय एकाच बाजूचा बधिर असेल, तर तो बी-१२ चा प्रकार असेलच असं नाही. चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो आणि त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत उपचार आहेत. अचानक एक बाजू बधिर झाली तर तो अर्धांगवायू समजून लगेच रुग्णालय गाठा.
- पाय बधिर असेपर्यंत अनवाणी शेतात जाऊ नका, गरम पाणी पायावर घेण्याआधी हातानं बघा, रात्री मोरीपर्यंत जाताना दिवा लावा, रोज तळवे तपासा.

शरीराला बी-१२ दिवसाला दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास लागतं, आणि यकृतात काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो. त्यामुळे आजार वर्षानुवर्षं लपून राहतो आणि एक दिवस चप्पल निसटायला लागते. त्या दिवसापासून मोजायला सुरुवात करा. तपासणी या आठवड्यात झाली तर तुम्ही बरे होणाऱ्यांच्या बाजूला आहात. 'बघू पुढच्या दिवाळीनंतर' असं म्हटलं, तर पुढचं मला काय, कुणालाच खात्रीनं सांगता येणार नाही.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषधाचा डोस आणि कालावधी तुमच्या डॉक्टरांना भेटूनच ठरवा.)